मृगापासून गणपतीपर्यंत बंद राहणाऱ्या घरात लाकडी जमीन: सागवान, इंजिनिअर्ड की लॅमिनेट?

कोकणातल्या घरासाठी लाकडी जमीन निवडताना लाकूड कोणते घ्यावे, याआधी ते घर पावसाळ्यात उघडे राहणार की बंद, हे ठरवावे लागते. गणपतीला आणि शिमग्याला कुलूप निघणारे चाकरमान्यांचे घर आणि बारमाही चूल पेटणारे घर एकाच वाडीत शेजारी असले, तरी जुलैत त्यांच्या आतली हवा सारखी नसते, आणि लाकडाचा संबंध असतो तो या हवेशी.

हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी मुरलेले असते. आर्द्रता ९० टक्क्यांवर जाऊन तिथेच राहिली, की हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. या पाण्याने फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. ओलावा ५ टक्क्यांनी वाढला, तर १०० मिमी रुंदीची, सरळ चिरकामाची (ओंडक्याचे सरळ काप करून काढलेली) सागवानी फळी सुमारे ०.९ मिमी फुगते. तेवढीच ओकची फळी त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १.८ मिमी. तीन मीटरच्या खोलीत अशा ३० सागवानी फळ्या असतील, तर हिशेब २७ मिमीपर्यंत जातो. स्क्रूने बांधलेल्या फळ्या इतक्या मोकळेपणाने सरकत नाहीत, हे खरे. परंतु भिंतीलगत फट ठेवलेली नसेल, तर त्या खोलीच्या मधोमध उचलल्या जातात. दुकानदार ओक दाखवताना तो सागवानापेक्षा कठीण आहे असे सांगतो, आणि ते चूक नाही. समुद्रकिनारी मात्र कठीणपणापेक्षा हा स्थिरपणा मोलाचा असल्याने भरीव लाकूडच हवे असेल, तर मी सागवानाच्या बाजूने आहे, आणि तेही ९० ते १०० मिमीच्या अरुंद फळ्यांच्या. रुंद फळी देखणी दिसते, पण फुगते आणि वाकतेही जास्त.

सागवान म्हटले की वाळवीची चिंता मिटली, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. वाळवीला दाद देत नाही तो सागाचा गाभा. त्याच्याभोवतीचे फिकट लाकूड ती आनंदाने खाते, आणि स्वस्त मालात हे फिकट पट्टे हमखास आढळतात. पडलेल्या जुन्या घराचे वासे आणि तुळया मिळत असतील, तर त्यांचा विचार अवश्य करावा, कारण ते लाकूड अनेक पावसाळे पाहून मुरलेले असते. फक्त चिरण्यापूर्वी त्यातले खिळे एकूण एक काढावे लागतात, आणि सुतार त्याची मजुरी वेगळी लावतो.

इंजिनिअर्ड फळीत वर खऱ्या लाकडाचा थर असतो आणि खाली प्लायचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. एका थराचे फुगणे दुसरा अडवत असल्याने ही फळी भरीव फळीपेक्षा पुष्कळ स्थिर राहते. खरेदी करताना दोन गोष्टी विचाराव्यात. वरचा थर ३ ते ४ मिमी असेल, तर पुढे एक-दोनदा घासून पुन्हा पॉलिश करता येते. अर्धा-एक मिमीचा असेल, तर पहिल्या खोल ओरखड्याबरोबरच ती सोय संपते. दुसरे, खालच्या प्लायचा डिंक कोणता आहे: आयएस ३०३ या भारतीय मानकातल्या साध्या एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणाऱ्या प्रतीचा की आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यातही टिकणाऱ्या मरीन प्लायचा. किनाऱ्यावरच्या घरात मी दुसऱ्याशिवाय पुढे जाणार नाही.

लॅमिनेटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते लाकूड नव्हे, दाबलेल्या लाकडी तंतूंच्या पाटीवर छापील कागद आणि मेलामाइनचा थर आहे. वरचा थर चपलेतल्या पुळणीच्या वाळूलाही बऱ्यापैकी टिकतो, पण सांध्यातून पाणी शिरले की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. मुंबईच्या सातव्या मजल्यावर त्याला जागा आहे. कौलातून ठिबकणाऱ्या घरात नाही.

म्हणून निवड अशी करावी असे मला वाटते. घरात बारमाही माणसे असतील, तर माळ्यावरच्या खोल्यांत सागवान बिनदिक्कत घालावे आणि वरून तेलपॉलिश करावे, कारण ते डागापुरते दुरुस्त करता येते. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये इंजिनिअर्ड बरी. बंद राहणाऱ्या घराच्या तळमजल्यावर मात्र, जिथे जांभ्याच्या जोत्यातून ओल वर चढते, तिथे यांपैकी काहीच घालू नये, लादी बरी. लाकडाचा हट्टच असेल, तर आयएस ६३१३ प्रमाणे वाळवीची प्रक्रिया आणि फळीखाली जाड प्लास्टिकचा पडदा या दोन्हींचा खर्च आधी धरावा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत, कारण खाऱ्या हवेत साधे लोखंड गंजते आणि सागवानावर काळे डाग उमटतात.

बसवण्याची वेळही ठरवून घ्यावी. जानेवारीच्या कोरड्या हवेत घट्ट बसवलेली फळी जुलैत जागा मागते, ऑगस्टमध्ये बसवलेली जानेवारीत सांधे उघडते. ऑक्टोबर संपता संपता फळ्या त्याच खोलीत गठ्ठे सोडून, मध्ये पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे रचून ठेवाव्यात, आणि मगच सुताराला बोलवावे.