फ्रीबीएसडी: सर्व्हरसाठी उत्तम, लॅपटॉपसाठी जपून

घरच्या किंवा लहान कार्यालयाच्या फाइल-सर्व्हरसाठी फ्रीबीएसडी ही मुक्त संगणकप्रणाली निवडण्याचे सर्वांत सबळ कारण झेडएफएस ही तिची फाइल-प्रणाली (डिस्कवर फाइली साठवण्याची व्यवस्था) हे आहे, आणि ते जितके तांत्रिक तितकेच परवान्याचेही आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये झेडएफएसचा सोर्स कोड सीडीडीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला. तो परवाना लिनक्सच्या कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) जीपीएलशी, म्हणजे बदल वाटताना तेही खुले ठेवण्याची अट घालणाऱ्या परवान्याशी, जुळत नाही असे बहुतेक जण मानतात, त्यामुळे लिनक्सवर झेडएफएस कर्नलबाहेरचे मॉड्यूल म्हणूनच राहिले आणि नवा कर्नल आला की ते त्याच्याशी जुळेल ना, ही धास्ती कायम राहते. फ्रीबीएसडीच्या बीएसडी परवान्याला असले सोवळे-ओवळे नाही. तेथे २००८ च्या ७.० आवृत्तीपासून झेडएफएस मूळ प्रणालीतच आहे.

त्याचे मोल अपग्रेडच्या वेळी कळते. ‘बीईसीटीएल’ या आज्ञेने चालू प्रणालीची झेडएफएसमधील प्रत आधी करून ठेवली की, नवी आवृत्ती बिघडली तरी बूट मेनूतून जुनी निवडता येते आणि यंत्र काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते.

बीएसडी परवान्याच्या मोकळीकीमुळेच सोनीला प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडीवर बेतताना स्वतःचे बदल खुले करण्याचे बंधन नव्हते. हे ज्यांना खटकते त्यांचे म्हणणे रास्तच आहे, परंतु सर्व्हर निवडताना मी त्याला फारसे वजन देणार नाही.

वाय-फायच्या बाबतीत मात्र ही प्रणाली लिनक्सच्या मागे आहे. लॅपटॉपसाठी डेबियन या लिनक्स-प्रणालीची १२ किंवा त्यापुढची आवृत्तीच घ्यावी. तिच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आता मुक्त नसलेले फर्मवेअरही (वाय-फायसारखे भाग चालवणारे सॉफ्टवेअर) मिळते.