उळे टाकावे की तयार रोप आणावे?

परसात चार-पाच वाफे उन्हाळी कांदा करायचा असेल, तर दिवाळीच्या सुमारास ठरवावे लागते की घरीच उळे टाकायचे, म्हणजे बी पेरून रोप तयार करायचे, की डिसेंबरात आठवडी बाजारातून रोपाची जुडी आणायची. मी दोन्ही करून पाहिले आहे.

जुडीची बाजू भक्कम आहे, कारण सात-आठ आठवड्यांची राखण वाचते. घरी टाकलेले बी उगवते ते मान मुडपून, टोकाला काळे टरफल घेऊन, आणि पहिले काही दिवस ते गवतापासून वेगळे ओळखू येत नाही. खुरपताना मी स्वतःचेच कांदे मूठभर उपटले आहेत. पाणी साचले की मर लागते, म्हणजे रोपे कुजून कोलमडतात, ती निराळीच. शिवाय एका ग्रॅममध्ये अडीचशेच्या वर बिया असतात आणि उरलेले बी पुढच्या वर्षी धड उगवत नाही, त्यामुळे पाकीट बहुधा वायाच जाते.

तरीही माझे मन जुडीवरून उडाले ते डेंगळ्यांमुळे, म्हणजे कांद्याला येणाऱ्या फुलाच्या दांड्यांमुळे. विकणाऱ्याने ‘गरवाच आहे’, म्हणजे उन्हाळी जातीचेच आहे, असे सांगितले होते, आणि त्याला तरी दोष कसा द्यावा, त्यानेही रोप दुसऱ्याकडूनच आणलेले. मी त्यातली जाडजूड, तजेलदार रोपे निवडून घेतली. वय झालेले जाड रोपच थंडीत लवकर फुलावर येते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. फेब्रुवारीत जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या रोपाला दांडा आला. ते कांदे चिरले तर मधोमध लाकडासारखा कोंब, आणि उरलेल्यांत जोडकांदेच फार. रोप खरिपाच्या जातीचे असावे, असा माझा कयास आहे, पण खात्री करायला काही मार्गच नव्हता, आणि दोन महिने पाणी घातल्यानंतर हे कळावे, याचाच मला अधिक त्रास झाला.

पुढच्या वर्षी एन-2-4-1 या उन्हाळी जातीचे ताजे बी गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, ओळीत पेरले आणि पन्नासएक दिवसांची, मध्यम जाडीची रोपे 15 बाय 10 सेंटिमीटरवर लावली. डेंगळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले, आणि एप्रिलमध्ये काढून, पात सुकवून टांगलेला कांदा गणपतीपर्यंत टिकला. एका परसातल्या अनुभवावरून फार मोठे विधान करू नये, हे मान्य आहे. ओळखीच्या शेतकऱ्याच्या वाफ्यातले, जात आणि पेरणीची तारीख ठाऊक असलेले रोप मिळत असेल, तर उळ्याचा खटाटोप कदाचित अनावश्यकही ठरेल. माझ्याकडे तशी सोय नाही. पातीसाठी मात्र मी अजूनही बाजारातून जुडीच आणतो.