‘दोन वर्षं झाली, बल्ब संपले’ असं सांगणाऱ्यापासून सावध राहा

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कोरेगाव, रहिमतपूर, शेंद्रे या बाजूंना रात्री गाडी चालवणं जीवावरचं काम होतं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो आणि मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अशातच माझ्या गाडीच्या हेडलाईटचा उजेड कमी पडतोय असं वाटायला लागलं, म्हणून साताऱ्यात महामार्गालगतच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गाडी नेली. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण तिथली पद्धत सगळ्यांना कळायला हवी. हाच प्रकार दुसरीकडेही चालतो, हे नंतर ओळखीच्यांशी बोलताना कळलं.

दुकानदार गोड बोलणारा. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, ‘‘साहेब, हॅलोजन बल्बचं आयुष्य दोन वर्षं. त्यानंतर बदलायलाच लागतं, नाहीतर पासिंगला अडवतात.’’ खाजगी गाडीला पंधरा वर्षांपर्यंत पासिंगच नसतं, पण हे वाक्य तो इतक्या सवयीने बोलला की दिवसातून कितीजणांना ऐकवत असेल कोण जाणे. नामांकित कंपनीचा डबा काउंटरवर आला, पोराने उघड्या हातांनी काचेला धरून दोन्ही बल्ब बसवले आणि समोरची भिंत लख्ख झाली. मजुरीसह २,६०० रुपये झाले. बिलावर लिहिलं होतं, ‘इले. सामान’. जुने बल्ब मागितले तर ‘‘ते जळलेत, काय करताय नेऊन?’’ म्हणत त्याने ते खणात टाकले. खरं तर दोन्ही पेटत होते. दिवे लावूनच गाडी दुकानात आली होती!

थोडे आठवडे बरे गेले. मग बॉनेटखालून प्लास्टिक जळाल्याचा वास यायला लागला आणि एके रात्री डावीकडचा डिपर, म्हणजे खाली पडणारा उजेड, बंद पडला. परत गेल्यावर सूर बदललेला. ‘‘तुमच्या गाडीचं वायरिंग जुनं झालंय, दोन्ही बाजूंची हेडलाईटची पूर्ण असेंब्ली बदला, साडेसात हजारांत करून देतो.’’ खरी गोम इथे आहे. पहिल्या सौद्यात तो दुसऱ्या सौद्याची सोय करून ठेवतो.

तिथून गाडी सरळ गावातल्या एका जुन्या वायरमनकडे नेली. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी बल्ब काढला, खालच्या पत्र्यावरचा छाप बघितला. आकडे घासलेले होते. मग उजवा बल्ब चालू ठेवून वायरला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. माझ्या गाडीतल्या एच४ प्रकारच्या (एकाच बल्बमध्ये अप्पर-डिपर दोन्ही) बल्बचं प्रमाण माप ६०/५५ वॉट, म्हणजे अप्पर ६० आणि डिपर ५५. चालू गाडीत डिपरला साधारण पाच ॲम्पिअर लागतात. मीटर दाखवत होतं आठच्या आसपास. डब्यावर ६०/५५, आत १००/९०चा डुप्लिकेट माल. मूळ होल्डर आणि वायर एवढा करंट घेण्यासाठी बनवलेलेच नसतात. डावा होल्डर वितळून चिकटला होता. समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत मी इतके आठवडे काय फेकत होतो, तेही तेव्हाच कळलं.

मग मुळात उजेड कमी का होता? काकांनी हेडलाईटच्या काचेवरून ओला अंगठा फिरवला. ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक, उन्हाने पिवळी आणि धुरकट पडते. आमची गाडी नऊ वर्षं अंगणात उभी असते. बारीक पॉलिश पेपर आणि बफिंग करून, साधे ६०/५५चे बल्ब टाकल्यावर उजेड हवा तसा पडला.

आता आयुष्याचं. बल्बचं वय कॅलेंडरवर मोजत नाहीत, तो पेटला किती तास यावर मोजतात. साधा हॅलोजन साधारण ५०० ते १,००० तास टिकतो. ‘जादा उजेड’ म्हणून विकले जाणारे त्याहून बरेच कमी टिकतात, कारण त्यांची तार जास्त तापते. रोज रात्री तासभर साताऱ्याहून कराडला जाणाऱ्याचे वर्षाला साडेतीनशेच्या वर तास होतात; त्याला दोन-तीन वर्षांत बल्ब लागतीलच. माझ्यासारखा बहुतेक दिवसाच फिरणारा तेच बल्ब सहा-सात वर्षं सहज वापरतो. कंपनीतूनच बसवून आलेल्या एलईडीचा हिशेब वेगळा, ते हजारो तास चालतात. मात्र हॅलोजनच्या घरात बाजारातला एलईडी बल्ब कोंबला तर प्रकाश भलतीकडेच पसरतो, आणि पावसाळ्यात यवतेश्वरच्या धुक्यात तर पुढे पांढरी भिंतच उभी राहते.

संपत आलेला बल्ब डोळ्यांना दिसतो. काचेवर आतून करडा-काळा थर येतो किंवा तार लोंबलेली दिसते. काच दुधाळ झाली असेल तर आत हवा शिरली आहे. एक बल्ब गेला की दुसराही मागोमाग जातो, म्हणून जोडी बदला म्हणणारा मेकॅनिक चुकीचं सांगत नाही. जुन्यातला चालू असलेला बल्ब राखीव म्हणून डिकीत ठेवावा. पण दोन्ही बाजू एकाच वेळी मंद झाल्या तर बल्बवर संशय घेण्याआधी काच, अर्थिंग आणि व्होल्टेज तपासून घ्या. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. व्होल्टेज पाच टक्क्यांनी जरी वाढलं, तरी हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं; अशा गाडीत कितीही भारी बल्ब घाला, जातच राहणार.

दुकानात डबा आपल्यासमोर फोडायला लावा आणि बल्बच्या पत्र्यावर ‘१२ व्होल्ट, ६०/५५’ व गोलातलं ‘ई’ चिन्ह आहे का बघा. काचेला बोट लावू देऊ नका. हाताचं तेल तापून तिथेच काच खराब होते. बिलावर कंपनी, प्रकार आणि वॉट लिहून घ्या. ‘इले. सामान’ लिहिलेलं बिल तक्रारीला फारसं कामाचं नाही, आणि दुकानदाराला ते पक्कं माहीत असतं.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. सोबत घासलेल्या छापाचे आणि वितळलेल्या होल्डरचे फोटो, यूपीआयची पावती. आधी ‘‘आमचा मालच नाही’’ म्हणणाऱ्या दुकानदाराने बल्बचे पैसे परत केले. होल्डर आणि वायरिंगचा खर्च तो मानत नाही, त्यासाठी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करायची तयारी चालू आहे. जुने बल्ब काही परत मिळाले नाहीत.