साडेचार हजारांचं मानवाधिकार वर्कशॉप: पावणेदोन तास सोडले तर पैसे पाण्यात

रेटिंग 5 पैकी 2, आणि ते दोनही एका माणसामुळे.

क्लासचं नाव टाकत नाही. एकतर मग फोन येतात, आणि दुसरं म्हणजे असलं वर्कशॉप घेणारे नागपुरात काही ते एकटेच नाहीत, बर्डीवरून धरमपेठेपर्यंत चालत जा, एक तरी पोस्टर दिसतंच. "मानवाधिकार आयोगात करिअर व इंटर्नशिप, मर्यादित जागा", खाली अशोकचक्रासारखं काहीतरी, की बघणाऱ्याला वाटावं सरकारचंच आहे. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला, आत्याची मुलगी एमएसडब्ल्यू करते, दोघांनी मिळून भरले. दोन शनिवार-रविवार, माणशी 4,500. आई तेव्हाच म्हणाली होती, "एवढ्यात तर दिल्लीला जाऊन येशील ना बाप्पा." ऐकलं नाही.

पहिला दिवस पूर्ण गेला फॉर्म कसा भरायचा यात. म्हणजे प्रोजेक्टरवर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची वेबसाइट उघडली आणि वाचून दाखवली, एवढंच. ते घरी बसून फुकटात वाचता येतं. इंटर्नशिप दोन तऱ्हेच्या असतात, एक उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दिल्लीला जाऊन करायची, साधारण महिनाभराची, आणि दुसरी ऑनलाइन, दोन आठवड्यांची, जी आपल्यासारख्या बाहेरगावच्यांना बरी पडते. फक्त लॉवाल्यांसाठी नसते, समाजकार्य, राज्यशास्त्र, बाकी शाखांची मुलंही असतात. ऑनलाइनमध्ये लेक्चर असतात, तिहार जेल आणि पोलीस ठाण्याची व्हर्च्युअल टूर असते, गटाने रिसर्च प्रोजेक्ट सादर करायचा असतो, पुस्तक परीक्षण आणि भाषणाच्या स्पर्धा असतात. आयोग यासाठी आपल्याकडून पैसे घेत नाही, उलट थोडाफार स्टायपेंड देतो. हे सगळं मी वर सहा ओळींत लिहिलं, त्यांनी पाच तास लावले, मध्ये चहाला अर्धा तास (चहा चांगला होता, खोटं कशाला बोलू).

दुसऱ्या दिवशी एसओपी, म्हणजे इंटर्नशिप का करायची ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन. सगळ्यांना एकच पीडीएफ, वर नाव बदला आणि पाठवा. "लहानपणापासून मला अन्याय सहन होत नाही" अशी सुरुवात. वर्गात बेचाळीस जण होतो. म्हणजे बेचाळीस जणांना लहानपणापासून अन्याय सहन होत नाही आणि सगळे एकाच शब्दांत सांगतायत, दिल्लीत वाचणारा काय झोपलाय का? मी विचारलं तर काउंटरवरची ताई म्हणाली, "सर पाहून घेतात, आपली लिंक आहे." ही लिंक काय आहे ते चार दिवसांत कोणी सांगितलं नाही. आत्याच्या मुलीने तिथेच मला कोपर मारलं की आता गप बस, पैसे परत मिळणार नाहीत.

वरून ब्रेकमध्ये एक जण फिरत होता, त्याच्या संस्थेच्या नावात मानवाधिकार, गळ्यात आयकार्ड, "जिल्हा सदस्य व्हा, कार्ड मिळेल, गाडीवर लावता येईल." हे प्रकरण नागपूरकरांना सांगायला नको, टोल नाक्यावर मानवाधिकार लिहिलेल्या बोलेरो आपण सगळ्यांनी पाहिल्यात. असल्या नामसाधर्म्य असलेल्या संस्थांपासून सावध राहा म्हणून खुद्द आयोगाने अनेकदा सांगितलंय. खरा आयोग 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने बनलेला आहे, तो जिल्हा सदस्य नेमत नाही आणि गाडीला पाटी देत नाही. आयोजकांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, तरी त्याला हॉलमध्ये येऊ दिलं. याचा एक स्टार तिथेच गेला.

आता ते दोन स्टार. दुसऱ्या शनिवारी दुपारी एक रिटायर्ड गृहस्थ आले, सरकारी तपासकामात उभी हयात गेलेले, साधा हाफ शर्ट, हातात झेरॉक्सचा गठ्ठा. माईक घेतला नाही. प्रत्येकाला पाच पानं दिली. म्हणाले ही मी स्वतः बनवलेली प्रॅक्टिसची फाइल आहे, खरी केस नाही, पण असंच येतं. एक अर्ज हाताने लिहिलेला, मराठीत, ओळी एकमेकींवर चढलेल्या, एक जेलचा रिपोर्ट, एक हॉस्पिटलचा कागद, एक पीएम (पोस्टमॉर्टेम) रिपोर्टचं पान, एक भावाचा जबाब. "काय दिसतं सांगा."

पहिल्या बाकावरचा लगेच म्हणाला, "सर कलम 21 चं, जगण्याच्या हक्काचं उल्लंघन." सर म्हणाले, "ते वकील सांगेल कोर्टात. तू वेळा बघ." मग सगळ्यांना कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारायला लावल्या, तारीख, वेळ, कोण म्हणतं, कुठल्या पानावर. आम्ही भरत गेलो. जेलचा रिपोर्ट म्हणतो कैद्याला छातीत दुखू लागलं म्हणून रात्री 11.40 ला बाहेर काढून गाडीत घातलं. हॉस्पिटलच्या कागदावर, आणले तेव्हा मृत, वेळ 11.10. हॉलमध्ये एकदम शांतता झाली, खरंच. आत्याची मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे हे तर अर्ध्या तासाआधीच पोचले."

सर म्हणाले घाई करू नका, घड्याळ चुकू शकतं, लिहिणारा चुकू शकतो, म्हणून तुम्ही निकाल द्यायचा नाही, तुम्ही प्रश्न लिहायचा: गेट रजिस्टर मागवा, गाडीचं लॉगबुक मागवा, हॉस्पिटलचं ओपीडी रजिस्टर मागवा. याला मॉनिटरिंग म्हणतात, बाकी सगळी भाषणं. मग त्यांनी सांगितलं की कोठडीत मृत्यू झाला की 24 तासांच्या आत आयोगाला कळवायचं ही सूचना डिसेंबर 1993 पासूनची आहे, आयोग सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हाची. आणि पुढे अशा मृत्यूंच्या पीएमचं व्हिडिओ शूटिंग करायला सांगितलं गेलं ते रिपोर्टात जखमा नीट येत नाहीत या असल्या घोळामुळे. मी दोन वर्षं लॉ शिकतोय, हे एवढं सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी एक गोष्ट त्यांनी त्याच अर्जावरून दाखवली. भावाने अर्ज पाठवला ती तारीख घटनेच्या चौदा महिन्यांनंतरची. त्या 1993 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे घटनेला वर्ष उलटून गेल्यावर आयोग चौकशीत जात नाही. म्हणजे कागद कितीही बोलके असले तरी दार बंद. "तुमच्या वस्तीत कोणाला हे सांगितलं असतं तर?" असं विचारून ते पुढच्या पानावर गेले. अर्ज मराठीत चालतो हेही अर्ध्या हॉलला माहीत नव्हतं, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत चालतो, फी नाही, ऑनलाइनही टाकता येतो. आणि म्हणून, ते म्हणाले, वऱ्हाडी हस्ताक्षर वाचता येणं ही तुमची जमेची बाजू आहे, एसओपीत ते लिहा, अन्याय सहन होत नाही ते लिहू नका.

करिअरबद्दल पण तेच काय ते खरं बोलले. आयोगात बऱ्याचशा जागा डेप्युटेशनने, म्हणजे दुसऱ्या सरकारी खात्यांतून तात्पुरती माणसं घेऊन भरतात, तपास विभागात पोलीस खात्यातून आलेली माणसं असतात, रिसर्चच्या कामाला कन्सल्टंट वगैरे कंत्राटी जागा निघतात, त्यामुळे इंटर्नशिप केली म्हणजे नोकरी पक्की असं कोणी सांगत असेल तर उठून जा. (आयोजक तिथेच उभे होते, चेहरा बघण्यासारखा.) दिल्लीच कशाला, राज्य आयोग 2001 पासून मुंबईत आहे, महिला आयोग, बालहक्क आयोग आहेत. आणि घराजवळ बघायचं तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तिथे पॅरालीगल व्हॉलंटियर (लोकांना कायद्याच्या कामात मदत करणारा स्वयंसेवक) म्हणून नाव द्या, कागद कसे हलतात ते तिथे कळतं. शेवटच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "सर पगार किती मिळते?" तर म्हणाले, "आधी रजिस्टर वाचायला शिक ना भाऊ."

पावणेदोन तास झाले आणि आयोजकांनी त्यांना उठवलं कारण ग्रुप फोटो घ्यायचा होता. फोटो! पूर्ण चार दिवसांत जो माणूस ऐकण्यासारखा होता त्याला फोटोसाठी थांबवलं, आणि रविवारी पुन्हा पीपीटी, "व्यक्तिमत्त्व विकास". मी दुपारी उठलो, तर्री पोहा खाल्ला, घरी गेलो.

सर्टिफिकेट तीन आठवड्यांनी आलं, त्यावर "मानवधिकार" छापलंय, काना खाल्लेला. दुरुस्त करून मागितलं तर म्हणे 200 रुपये रीप्रिंट चार्ज. राहू दिलं.

इंटर्नशिपचा फॉर्म मी आणि आत्याच्या मुलीने घरीच भरला, एचओडी मॅडमकडून पत्र घेतलं, एसओपीत त्या पाच पानांच्या फाइलबद्दल आणि रेघा मारलेल्या कागदाबद्दल लिहिलं. अजून काही कळलेलं नाही. कोणी असल्या वर्कशॉपला जायचा विचार करत असेल तर आधी एवढंच विचारा की फाइल वाचून घेणारं कोणी आहे का, आणि किती तास. पावणेदोनपेक्षा जास्त म्हणाले तर मलाही सांगा, मी परत जाईन.