सित्रोएन बीएक्स की प्यूजो ४०५?

फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांना जुनी फ्रेंच कुटुंबगाडी घ्यायची आहे आणि त्यांचे मन या दोन गाड्यांमध्ये अडकले आहे. बीएक्स १९८२ साली आली, ४०५ १९८७ साली. दोन्ही एकाच उद्योगसमूहाच्या असून १९०५ सीसीचे टिकाऊ डिझेल इंजिन दोहोंत मिळते, त्यामुळे इंजिनावरून निवड करण्यात अर्थ नाही.

खरा फरक सस्पेन्शनचा आहे. बीएक्समध्ये स्प्रिंगऐवजी नायट्रोजन वायू भरलेले धातूचे पोकळ गोळे (‘गोल’) आणि हिरवे खनिज तेल गाडीचा भार पेलतात. ओझे कितीही असले तरी उंची कायम राहते आणि खराब रस्त्यावरचा तो आराम ४०५ देऊ शकत नाही. मात्र गोलांतला वायू वर्षागणिक कमी होतो, गाडी धक्के देऊ लागते आणि गोल बदलावे लागतात. ब्रेकही त्याच तेलावर चालत असल्याने चुकीचे तेल घालून सील खराब करणे महागात पडते. ४०५ला साधे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर आहेत, ते कोणताही मेकॅनिक बदलू शकतो. शिवाय इराणमध्ये ही गाडी पुढे अनेक वर्षे बनत राहिली, त्यामुळे सुटे भाग मिळण्याची शक्यता अधिक.

सामानासाठी बीएक्सचे वर उघडणारे मागचे दार सोयीचे आहे. ४०५ सेडानला ते नाही, पण तिची एस्टेट, म्हणजे मागे लांब छत आणि वर उघडणारे दार असलेली आवृत्ती, मिळते.

रोज वापरायची आणि जवळ जाणकार मेकॅनिक नसेल, तर ४०५ घ्यावी. देखभालीची आवड असेल आणि लांबच्या प्रवासात आराम हवा असेल, तर माझे मत निःसंशय बीएक्सला आहे.