बंद ट्रकच्या जुन्या डिझेलसाठी मिळणाऱ्या बाटल्या: कोणती घ्यावी, कोणती दुकानातच ठेवावी

उसाचा हंगाम आटोपला की कितीतरी जुने टाटा ट्रक पुढच्या गळीतापर्यंत जागचे हलत नाहीत. टाकीत अर्धं डिझेल, वरून अख्खा पावसाळा. गाडी काढायची वेळ आली की स्पेअरच्या दुकानातून ‘डिझेल ताजं करणारी’ बाटली येते. आधीच सांगून टाकतो, कुजलेलं डिझेल ताजं करणारी बाटली कुठेच मिळत नाही. तरी काउंटरवरचे तिन्ही प्रकार सारखेच टाकाऊ नाहीत.

सर्वात जास्त खपतो तो सिटेन बूस्टर, म्हणजे डिझेलचा पेट घेण्याचा गुण (सिटेन) वाढवणारा, आणि या कामाला सर्वात निरुपयोगीही तोच. पडून राहिलेल्या डिझेलचा सिटेन सहसा फारसा उतरतच नाही. खरा त्रास पाण्याचा, डिंकासारख्या चिकट थराचा आणि बुरशीचा असतो. त्यातलं काहीच याने जात नाही.

दुसरा प्रकार पाणी घालवणारा. यात लेबल नीट वाचा. ‘पाणी डिझेलमध्ये मिसळून जाळतो’ असं लिहिलं असेल तर जुन्या मायको पंपाच्या (इंजिनला दाबाने डिझेल पुरवणारा पंप) गाडीत तो नकोच. प्लंजर (पंपातला दट्ट्या) आणि नोझलला (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) वंगण डिझेलचंच असतं. मिसळलेलं पाणी थेट तिथे पोचतं, गंज धरतो आणि प्लंजर अडकतो. पाणी वेगळं करून खाली बसवणारा चालेल, पण तळाला साचलेलं पाणी ड्रेन प्लग फुकटात काढतो.

तिसरा जंतुनाशक, म्हणजे बायोसाइड. पैसे द्यावेत असा हाच. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरावर बुरशी वाढते आणि काळपट शेवाळासारखा लगदा तयार होतो. हे औषध तिला मारतं. मेलेला लगदा मात्र टाकीतच राहतो आणि गाडी चालू झाली की फिल्टरमध्ये येऊन बसतो. म्हणून आधी टाकी साफ, मग औषध. मात्रा लेबलवरचीच, रोग झाल्यावरची मात्रा राखणीच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त असते. हातमोजे घाला, कातडी भाजते.

बाटली घेण्याआधी ड्रेन प्लगमधून लिटरभर डिझेल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. पिवळसर, नितळ आणि तळाला पाणी नाही? मग एक भाग जुन्यात तीन भाग ताजं मिसळून वापरा. तळाला पाणी असेल पण वरचं नितळ असेल तर पाणी काढून वरचं गाळून घ्या. चहासारखं काळपट झालं असेल, वार्निशसारखा वास येत असेल तर सगळं काढा, टाकी उतरवून धुवा, सक्शन पाइपची जाळी पाहा. काढलेलं डिझेल जमिनीवर ओतू नका, आणि चांगलं डिझेल गॅल्वनाइज्ड डब्यात साठवू नका. जस्तामुळे ते आणखी बिघडतं.

मग कापडी आणि कागदी, दोन्ही फिल्टर नवे. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारा. बुडबुडे थांबले की आवळा. तसंच पंपावरच्या स्क्रूला. शेवटी नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, एका वेळी दहा-पंधरा सेकंदच.

सेल्फ मारण्याआधी एक गोष्ट बघाच, ती बहुतेक जण विसरतात. पंपाचं साइड कव्हर काढून रॅक (डिझेलची मात्रा कमी-जास्त करणारी पट्टी) बोटाने सरकतो का, स्टॉप लिव्हर मोकळा आहे का. डिंकाने रॅक पूर्ण डिझेलच्या जागी अडकला असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम पळतं आणि चावीने बंद होत नाही. एअर क्लीनरचा पाइप काढून हवेचं तोंड झाकायला जाड फळी हाताशी ठेवा. तळहात कधीच लावायचा नाही. रॅक अडकलेला असेल तर हातोडी नको, पंप थेट पंपवाल्याकडे.

गाडी सुरू झाल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये चढावर दम तुटला तर फिल्टर पुन्हा तुंबला समजा. एक जादा जोडी केबिनमध्ये असू द्या. आणि बायोसाइड घ्यायचंच तर हंगाम संपताना घ्या: टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, राखणीची मात्रा टाका, आणि औषध सगळीकडे पोचावं म्हणून इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून मगच गाडी लावा.