‘मालकीची’ हा शब्द नसलेले साठेखत

2027 चा सिंहस्थ जवळ येऊ लागल्यापासून जुन्या नाशकातील वाड्यांना पुन्हा गिऱ्हाईक येऊ लागले आहे. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या दोघांनी मला विचारले की तिवंधा, भद्रकाली, सोमवार पेठ या बाजूला एखादा वाडा घ्यावा का. दोघांनाही मी असाच वाडा घेताना कसा फसलो ही माझी हकीकत तोंडी सांगितली. परंतु तोंडी सांगताना आकडे आणि कागद मागे राहतात आणि केवळ हळहळ पुढे येते, म्हणून ती येथे सविस्तर लिहून ठेवीत आहे.

माझा जन्म तिवंध्याजवळच्या एका वाड्यातील भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. पुढे नोकरी, लग्न आणि इंदिरानगरचा फ्लॅट असे सर्व यथास्थित पार पडले, तरी निवृत्तीनंतर पुन्हा गावात, शक्य तर तळमजल्यावर, ओटी आणि चौक असलेल्या घरात राहावे ही इच्छा मनातून गेली नव्हती. 2018 साली एका मध्यस्थाने मला असा वाडा दाखविला. सागवानी खांब, डोक्यावर कडीपाट, चौकात दगडी हौद आणि माजघरातल्या कोनाड्यात दिव्याच्या काजळीचा काळा टिळा, अगदी आमच्या जुन्या खोलीत होता तसाच. मी त्या कोनाड्यासमोर किती वेळ उभा राहिलो हे मला आठवत नाही, पण मध्यस्थाने ते नेमके टिपले असावे, कारण त्यानंतर किमतीत त्याने एक पैसाही कमी केला नाही. 38 लाख रुपये ठरले.

विकणारा गृहस्थ पन्नाशीचा, सौम्य बोलणारा आणि त्याच वाड्यात वरच्या माडीवर राहणारा होता. त्याने महानगरपालिकेच्या घरपट्टीच्या सलग बारा वर्षांच्या पावत्या, वीजबिले आणि मिळकत पत्रिकेची, म्हणजे ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो त्याची, झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली. पावत्यांवर त्याचे स्वतःचे नाव होते. माझी सारी नोकरी लेखा विभागात गेली. इतरांच्या पावत्यांत खोट काढण्याचा मला पगार मिळत होता. तरीही घरपट्टी म्हणजे केवळ कराची वसुली असते, जो भरतो त्याच्या नावाने पावती फाटू शकते आणि त्यामुळे कोणी मालक ठरत नाही, ही साधी गोष्ट त्या दिवशी माझ्या डोक्यात आली नाही.

प्रारंभी 51 हजार रुपये विसार, म्हणजे बयाणा, दिला. पंधरा दिवसांनी साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, करायचे ठरले, तेव्हा मध्यस्थ म्हणाला, “काका, आत्ता नोंदणी कशाला करता? नोटरी करून ठेवू. मुद्रांक शुल्क खरेदीखताच्या वेळी एकदाच भरू.” मला ते काटकसरीचे वाटले. सात लाखांचा धनादेश दिला आणि चार लाख रुपये, विकणाऱ्याच्या आग्रहावरून, रोख दिले, ज्याची पावती म्हणून एका वहीच्या पानावर ‘मिळाले’ एवढे लिहून खाली सही झाली. त्यावर कशाबद्दल मिळाले हे नव्हते. गावठाणाला आता स्मार्ट सिटीतून जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळणार आणि वर्षभरात भाव दुप्पट होणार, हे पालुपद दोघेही अधूनमधून म्हणत होते; मला तर बांधायचे काहीच नव्हते, पण ऐकायला बरे वाटत होते हे मान्य केले पाहिजे.

त्या वाड्याच्या तळमजल्यावरील एका खोलीत एक वृद्ध भाडेकरू बाई राहत होत्या. महिना 45 रुपये भाडे. त्या दिवाळीपर्यंत मुलाकडे जाणार असल्याचे मला सांगण्यात आले होते. एकदा मी मोजमापासाठी गेलो असता त्यांनी मला आत बोलावून चहा दिला आणि विचारले, “कोणत्या भावाचा हिस्सा घेताय तुम्ही?” मी म्हणालो, “हिस्सा नाही आजी, सगळा वाडा.” त्या काही बोलल्या नाहीत. बशीत चहा ओतून माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या एका प्रश्नात माझे अकरा लाख वाचले असते, पण वयामुळे त्यांचा घोळ होत असावा असे समजून मी तो विषय तेथेच सोडला.

उघडकीस आले ते माझ्या भाच्यामुळे. खरेदीखताचा मसुदा करण्यापूर्वी स्वतःचा वकील नेमावा असा त्याने हट्ट धरला. तोपर्यंतचा शोध अहवाल, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासून वकील देतो तो अहवाल, मध्यस्थाने आणलेल्या वकिलाचा होता आणि त्यात मिळकत निर्वेध असल्याचे लिहिले होते. आमच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेची ताजी नक्कल काढली. मूळ धारक म्हणून विकणाऱ्याच्या आजोबांचे नाव होते आणि त्याखाली ‘नवीन धारक, पट्टेदार किंवा भार’ या रकान्यात वारस नोंदीने आलेली नऊ नावे होती. मग मी मला दिलेली झेरॉक्स काढून शेजारी ठेवली. तिच्या खालच्या बाजूला आडवी, फिकट करडी रेघ होती. झेरॉक्स काढताना मूळ कागद तेथून दुमडलेला होता. आजोबांचे आणि विकणाऱ्याचे आडनाव एकच, आणि आजोबांचेच नाव नातवाला ठेवलेले, त्यामुळे दुमडीच्या वरचा भाग वाचणाऱ्याला तोच मालक वाटावा अशी ती सोय होती. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर मात्र वेगळे होते आणि ते मी पाहिले नव्हते.

जुना शोध अहवालही पूर्णपणे खोटा नव्हता, ही त्यातली खुबी. तो फक्त विकणाऱ्याच्या नावाने आणि फक्त मागच्या बारा वर्षांचा घेतला होता. त्याने स्वतः काहीच विकलेले नव्हते, त्यामुळे काही सापडलेही नाही. आमच्या वकिलांनी नगर भूमापन क्रमांकावरून आणि तीस वर्षांचा शोध घेतला, तेव्हा दुय्यम निबंधकांकडे नोंदविलेली लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस मिळाली. विकणाऱ्याच्या दोन आत्यांनी वाटपाचा दावा लावला होता आणि तो चालू होता. दावा चालू असताना ती मिळकत घेणाऱ्यावर त्या दाव्याचा निकाल बंधनकारक होतो. महाराष्ट्रात त्यासाठी अशी नोटीस नोंदवावी लागते आणि आत्यांनी ती नोंदविली होती. थोडक्यात, त्या बायकांनी माझ्यासारख्यांसाठी पाटी लावून ठेवली होती, मीच त्या रस्त्याने गेलो नव्हतो.

येथे हिशेब मांडतो, कारण जुन्या वाड्यांच्या बाबतीत नेमके हेच कोणी मांडत नाही. वाडा आजोबांनी स्वतः घेतलेला. आजी त्यांच्या आधी गेलेल्या. मुलगे तीन, मुली दोन. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पाचही जणांना सारखा, म्हणजे एक पंचमांश वाटा. विकणाऱ्याचे आईवडील हयात नव्हते आणि त्याला एक बहीण होती, म्हणजे त्याच्या वाट्याला आला एक दशांश. 38 लाखांच्या वाड्यात 3 लाख 80 हजार. त्या माणसाने माझ्याकडून स्वतःच्या हिश्श्याच्या तिप्पट रक्कम आधीच उचलली होती. लग्न होऊन गेलेल्या आत्यांचा राहत्या घरात काय संबंध, असे आजही आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, आणि पूर्वी मुलींना कुटुंबाच्या राहत्या घराचे वाटप स्वतःहून मागता येत नसे हेही खरे. परंतु ते कलम 2005 साली काढून टाकण्यात आले आहे.

बरे, तो एक दशांश तरी घेऊन मोकळे व्हावे, तर तेही निरर्थक. कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 नुसार त्याला तेथे घरच्यांबरोबर एकत्र ताबा मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावायचा, आणि लावला की 1893 च्या वाटप कायद्याखाली घरच्या कोणालाही तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला विकत घेता येतो. कोनाडा काही माझ्या वाट्याला येत नाही.

जाब विचारायला गेलो तेव्हा विकणारा जराही वरमला नाही. “साठेखत वाचा ना काका,” तो म्हणाला. मी घरी येऊन वाचले. मिळकतीच्या वर्णनात सर्वसाधारणपणे ‘माझे मालकीची व कब्जेवहिवाटीची’ असे शब्द असतात. माझ्या साठेखतात ‘माझे कब्जेवहिवाटीची’, म्हणजे माझ्या ताब्यातील व वापरातील, एवढेच होते. कब्जा त्याचा होताच. आठ पानांच्या मजकुरात एकही ओळ खोटी नव्हती, एक शब्द कमी होता.

पोलिसांनी प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगून अर्ज ठेवून घेतला. मी लावलेल्या दिवाणी दाव्यात सात लाखांचा धनादेश आणि विसार लगेच सिद्ध झाला. रोख चार लाखांबाबत मात्र आमच्याच वकिलांनी मला जपून बोलायला सांगितले, कारण स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणे आयकर कायद्यालाच मंजूर नाही आणि वहीच्या त्या पानावर वाड्याचा उल्लेखही नव्हता. शिवाय कागदपत्रे चाळताना कळले की वाड्याला महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दर पावसाळ्याच्या तोंडावर येत होती, आणि भाडेकरू आजींना मुलगाच नव्हता. त्या कोठेही जाणार नव्हत्या आणि भाडे नियंत्रण कायद्यामुळे त्यांना कोणी सहजासहजी घालवूही शकत नव्हते, ही या प्रकरणातली मला एकमेव समाधानाची बाब वाटते.

शेवटी न्यायालयात तडजोड झाली. धनादेशाचे सात लाख आणि विसाराचे 51 हजार हप्त्यांनी परत करण्याचे विकणाऱ्याने लिहून दिले, त्यापैकी पाच लाख आजवर आले आहेत. रोख चार लाखांचा तडजोडीत उल्लेख नाही. मध्यस्थाला दिलेली दलाली तो परत करीत नाही. व्यवहार मोडला तो मी, असे त्याचे म्हणणे आहे. आत्यांचा दावा अजून चालू आहे, आणि दहीपुलाकडे जाताना त्या वाड्यावरून गेलो तर तळमजल्याच्या खिडकीतून आजी हात करतात.